एल-८८ कॉर्वेट : अस्सल कीं बनावट ?

कागद अस्सल कीं बनावट हा प्रश्न आमच्या वाचकांस नित्याचा आहे. वतनाच्या तंट्यांत जुन्या सालचा महजर नव्यानें लिहून पुढें करण्याची चाल आपल्याकडे होतीच. जुन्या अमेरिकन मोटारींच्या संग्राहकांपुढें हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा असून तो सोडविण्याची त्यांची रीत आम्हांस परकी वाटली नाहीं. त्यांतील एकच उदाहरण येथें तपासूं.

शेव्हरोले कंपनीनें १९६७ सालच्या कॉर्वेट जातीच्या २२,९४० गाड्या सेंट लुईस येथें बांधल्या. त्यांपैकीं अवघ्या २० गाड्यांस गिऱ्हाइकाच्या मागणीवरून एल-८८ या संज्ञेचें शर्यतीचें एंजिन बसविलें होतें. त्याची जादा किंमत ९४७ डॉलर ९० सेंट. आणि तें घेणारास रेडिओ मिळत नसे, ऊबयंत्रही मिळत नसे. कंपनीनें त्याची शक्ति ४३० अश्वशक्ति म्हणून जाहीर केली, म्हणजे निम्म्याहून कमी दाम पडणाऱ्या एल-७१ एंजिनापेक्षां पांच कमी ! खरी शक्ति ५०० च्या वर होती. साध्या गिऱ्हाइकानें त्याच्या वाटेस जाऊं नये असाच हेतु दिसतो. अशी एक गाडी जानेवारी २०१४ मध्यें स्कॉट्सडेल येथील लिलांवांत ३८,५०,००० डॉलरांस गेली. इतक्या मोलापुढें एल-७१ ची एल-८८ करण्याचा मोह कोणास पडला तर नवल नाहीं.

आतां पुरावा. त्या सालच्या गाडीच्या क्रमांकांत साल, कारखाना व छत उघडें कीं बंद एवढेंच सांगितलेलें असतें. एंजिनाविषयीं तो मुका आहे. म्हणून एंजिनाच्या पुढच्या उजव्या अंगाची सपाट पट्टी पाहावी लागते. तीवर दोन छाप असतात. एक टोनावांडा येथील एंजिन-कारखान्याचा : आरंभीं 'टी', मग महिना व दिवस, शेवटीं 'आयटी' हीं एल-८८ चीं अक्षरें. दुसरा खुद्द गाडीच्या क्रमांकाचा. शिवाय बिडाच्या ओतकामाची तारीख निराळ्या जागीं उठलेली असते. ओतकाम आधीं, एंजिनाची जुळणी नंतर, गाडीची बांधणी त्याहून नंतर. हा क्रम उलटला कीं लबाडी उघडी पडली.

परंतु छाप घासून नवा मारणें अवघड नाहीं. त्यावर उतारा रेघांचा. पट्टी तासतांना कारखान्यांतील हत्यारानें तीवर बारीक समांतर रेघा उठतात. घासलें कीं त्या जातात. कागद खरवडला असतां त्याची खळ जावी, तसेंच हें. येथें मात्र आम्ही जपून बोलूं. प्रामाणिक कारागीरही दुरुस्तींत ती बाजू तासतो, आणि शर्यतींत एंजिनें फुटून बदललीं जात. रेघा नसणें किंवा मूळ एंजिन नसणें हें संशयाचें कारण आहे, खोटेपणाचा पुरावा नव्हे.

सर्वांत मोलाचा दाखला म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटविलेला मागणीचा तक्ता. तो कामगारांच्या सोयीचा. कोणास दाखविण्यासाठीं लिहिलेला नसल्यामुळेंच त्याची साक्ष वजनदार. त्यांत एल-८८ बरोबर सक्तीनें येणारीं अंगें नोंदलेलीं हवींत : एम-२२ गिअरपेटी, जे-५६ ब्रेक, के-६६ प्रज्वलन, सी-४८ म्हणजे ऊबयंत्राचा अभाव. एक जरी गळलें तरी तक्ता शंकास्पद. एम-२२ गिअरपेट्याही त्या सालीं २० च दिल्या गेल्या; दोन्ही आंकडे असे एकमेकांस मिळतात.

दुर्दैवानें दमटपणा व पेट्रोल यांनीं बहुतेक तक्ते खाल्ले, आणि त्यांच्या नकला छापणारेही निघाले. म्हणून टाकी खालीं उतरवून तक्ता जागेवरच पाहावा. गोंद, डाग व तांबेरा टाकीशीं जुळतात कीं नाहींत तें पाहावें. टाकीवरून सोडवून चौकटींत घातलेला तक्ता कोणी पुढें केला, तर कागदावरून सुटलेल्या मोर्तबास आपण जितकी किंमत देतों, तितकीच त्यास द्यावी.