खत, खातं आणि टाळ : बारामती-इंदापूरच्या कागदांची गोष्ट

सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे काय चालतं? आमच्याकडे हमखास एखादं कागदाचं काम निघतं. वारस नोंद, वीजबिलावरचं नाव, बँकेची केवायसी, सातबारा. मग भजनाला जायचं असो, मॅच बघायची असो की नुसतं पुस्तक घेऊन पडायचं असो, ते राहतंच. आजचा भाग या कटकटीच्या इतिहासावर. त्यासाठी जाऊया पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत. शेतकऱ्याच्या घरात कागद कसा शिरला, हे इथे अगदी स्पष्ट दिसतं.

पण सुरुवात देहूपासून करू. तुकोबांच्या घरी सावकारी होती. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात घर कोलमडलं. परंपरा असं सांगते की तुकोबांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली. मला यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. भावाचा अर्धा वाटा त्यांनी बुडवला नाही. स्वतः कागदातून मोकळे झाले, पण भावाच्या संसाराला हात लावला नाही.

पुढे 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. आज ती पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं. ज्या माणसानं खतं पाण्यात सोडली, त्याच्या पादुका दरवर्षी या दोन तालुक्यांतून जातात. हे लक्षात ठेवा, कारण याच वाटेवरच्या मुलखात पुढे खतांनी काय केलं ते आता ऐकायचंय.

अठराव्या शतकात बारामतीला नाईकांचं घराणं होतं. मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या आश्रयाला होते कवी मोरोपंत (1729-1794). पुराण सांगायचं आणि आर्या रचायच्या, हे त्यांचं काम. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ त्यांचीच. म्हणजे एकाच घराच्या आधारानं व्याजाचे हिशेबही चालायचे आणि कवितेलाही जागा मिळायची. व्यापारी घरांत दिवाळीला वहीपूजन करतात ना, तसंच. हिशेबाची वही सुद्धा सणात सामील.

पण एक मेख आहे. वही ज्याची, सण त्याचा. शेतकऱ्याच्या घरात वही नव्हतीच. त्याचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात, नाहीतर सावकाराच्या चोपडीत.

1818 मध्ये इंग्रजी अंमल आला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं 1827 ते 1830 च्या दरम्यान जमिनींची पाहणी करून सारा ठरवला. तो इतका जड झाला की लोकांनी शेतं टाकून दिली. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं काम सुरू केलं. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड, जमिनीची प्रत आण्यांमध्ये आणि सारा 30 वर्षांसाठी कायम. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आपल्या उताऱ्यावरच्या सर्व्हे नंबरचं मूळ शोधत गेलात, तर इंदापूरला पोचाल!

सारा हलका झाला, पडीक जमिनी परत लागवडीखाली आल्या. पण नंबर पडलेली जमीन आता तारण म्हणूनही सोयीची झाली. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू होता कर्जदाराला वाचवायचा. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात जायचं. शंभराचं खत बघता बघता फुगायचं. वाचता न येणारा माणूस खाली फक्त निशाणी करायचा.

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. इंदापूरची 30 वर्षांची मुदतही संपली आणि सारा चांगलाच वाढला. शेवटी 12 मे 1875 ला सुप्यात भडका उडाला. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेले. बघा, रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खतं आणि चोपड्या काढा आणि जाळा! तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच.

मग 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. खतं गावच्या निबंधकासमोर व्हावीत. सावकारानं पावती द्यावी, दरवर्षी हिशेब द्यावा. गंमत बघा, कागदाच्या जाचावर उपाय म्हणून आणखी कागदच आले. फरक एवढाच की आता एक प्रत कर्जदाराच्या हातात येणार होती. सावकारी काही त्यानं थांबली नाही, पण हक्क मात्र लिहिला गेला.

मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. कागद कंटाळवाणा असतो, मान्य. पण आपल्या घराचा कागद फक्त दुसऱ्यालाच वाचता येत असेल, तर कंटाळ्यापेक्षा मोठं काहीतरी जातं. सुप्यातल्या लोकांना जमीन आणि झोप दोन्ही गमवावं लागलं. मग टाळ वाजवायला मन कुठून आणणार?

आज सातबारा फोनवर दिसतो. 2021 पासून ई-पीक पाहणी आहे, शेतकरी स्वतःच पिकाची नोंद करू शकतो. आजोबांच्या फोनवर ती नोंद करणारे बहुतेक तुम्हीच असता. तेव्हा एक काम करा. नुसतं बटण दाबून फोन परत देऊ नका. काय भरलं ते त्यांना वाचून दाखवा. गट नंबर, क्षेत्र, पीक. दहा मिनिटं जातील. मी तर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळचा एकच तास कागदांना देतो. नंतर फाईल बंद. उरलेला दिवस तबल्याचा, पुस्तकांचा, नाहीतर नुसत्या गप्पांचा.

भाग आवडला तर घरातल्या मोठ्यांना ऐकवा, आणि तुमच्याकडच्या जुन्या कागदांची एखादी गोष्ट असेल तर त्यांच्याकडून ती आत्ताच ऐकून घ्या. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!