पाळण्याशेजारची वही

बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळते, याचा लेखी माग काढण्याची सुरुवात युरोपात घरगुती रोजनिश्यांतून झाली. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडमान याने १७८१ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या नोंदी १७८७ मध्ये छापल्या. चार्ल्स डार्विननेही थोरला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मल्यापासून अशीच वही ठेवली होती. ती कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. इपोलित तेन या फ्रेंच विचारवंताचा मुलांच्या बोलण्यावरचा लेख ‘माइंड’ या नियतकालिकात आला, तेव्हा डार्विनने ती बाहेर काढली आणि जुलै १८७७ मध्ये त्याच नियतकालिकात तिच्यावरून लेख लिहिला.

साडेचार महिन्यांचा विल्यम आरशातल्या वडिलांकडे पाहून हसे, आणि त्यांचा आवाज मागून आला की चकित होई. पुढच्या दोन महिन्यांत त्याला आरशाचे गुपित उमगले. डार्विनने मागून, आवाज न करता, तोंड वेडेवाकडे केले की तो झटकन वळून खऱ्या वडिलांकडे पाही. वर्षाचा झाल्यावर त्याने खाऊसाठी स्वतःच एक शब्द घडवला, ‘मम’. साखर झाली ‘शू-मम’ आणि ज्येष्ठमध ‘ब्लॅक-शू-मम’. यातल्या ‘शू’ने मराठी वाचकाला हसू येईल, पण ‘मम’ आपल्या घरातल्या ‘मंमं’च्या शेजारचाच आहे.

विल्हेल्म प्रायर याने तर मुलाचे निरीक्षण दिवसातून तीनदा करण्याचा नेम ठेवला. त्याचे पुस्तक १८८२ चे. या वह्यांवर बहुधा बापाचे नाव असे. डार्विनच्या वहीत त्याची पत्नी एमा हिच्याही नोंदी आहेत, लेखावर मात्र एकट्या डार्विनचे नाव. क्लारा आणि विल्यम श्टेर्न या जोडप्याने आपल्या तीन मुलांच्या नोंदींवरून मुलांच्या भाषेवर १९०७ मध्ये पुस्तक काढले, ते दोघांच्या नावाने.

झां पियाजेनेही स्वतःची तीन मुलेच निरखली, पण काही घडण्याची वाट पाहत न बसता त्याने पाळण्याशेजारी मुद्दाम प्रसंग उभे केले. थोरली जॅकलीन आठ महिन्यांची व्हायला दोन-तीन दिवस होते. पांघरुणावरचे सेल्युलॉइडचे बदक धरायला ती गेली, तेवढ्यात ते घसरून तिच्या हाताजवळच, चादरीच्या चुणीमागे पडले. तिची नजर बदकाबरोबर गेली. बदक दिसेनासे झाले आणि सगळे संपले. चुणीमागे हात घालावा हे तिला सुचले नाही. पियाजेने ते काढून तीनदा तिच्या हाताशी ठेवले आणि ती धरणार इतक्यात तिच्या डोळ्यांदेखत चादरीखाली सरकवले. तिन्ही वेळा तिने हात मागे घेतला. दहा महिने उलटल्यावर ती लपवलेली वस्तू शोधू लागली, तरी एक चूक राहिलीच. खेळण्यातला पोपट दोनदा गादीच्या डाव्या बाजूखाली सापडला होता. नंतर तो तिच्यासमोर उजवीकडे लपवला, तेव्हाही तिने डावीकडेच शोधले. नजरेआडची वस्तू जागेवर टिकून असते ही समज बाळ स्वतःच्या हातांनी हळूहळू घडवते, असे पियाजेने १९३७ च्या पुस्तकात मांडले.

पण वस्तू न शोधणे म्हणजे ती आहे हे न कळणे, असे धरायचे का? कळत असूनही हात वळत नसेल. रेने बायर्जों, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वॉसरमन यांनी १९८५ मध्ये हातांऐवजी नजर मोजली. पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक फळी उभी राहून मागे आडवी होई. तिच्या मागे खोका ठेवला, की ती मध्येच अडायला हवी. युक्तीने ती खोक्यातून आरपार गेल्यासारखी दाखवली, तेव्हा बाळे अधिक वेळ टक लावून पाहत राहिली. अधिक वेळ पाहणे म्हणजे नवल वाटणेच का, हा वाद अजून मिटलेला नाही.

खोलीच्या जाणिवेचा प्रयोग याआधीचा, १९६० चा, कॉर्नेल विद्यापीठातला. एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी मोठी जाड काच बसवली. तिच्या एका भागात चौकड्यांचे कापड काचेला लागून होते, दुसऱ्या भागात ते बरेच खाली जमिनीवर. सहा ते चौदा महिन्यांच्या ३६ बाळांपैकी २७ जागची हलली आणि उथळ बाजूवर गेली. खोल वाटणाऱ्या बाजूवर फक्त तीन. आई पलीकडून हाक मारत होती तरीही. रांगायला न लागलेल्या बाळांना १९७० मध्ये त्या खोल बाजूवर ठेवले, तेव्हा त्यांच्या छातीचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले: फरक कळला होता, भीती नव्हती.

भाषेत मात्र वाटचाल उलटी दिसते. बाळ काही गमावतही असते. पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये चोखणीला यंत्र जोडले. तोच आवाज ऐकून कंटाळलेले महिन्याभराचे बाळ ‘ब’चा ‘प’ होताच पुन्हा जोराने चोखू लागे. व्हँकूवरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतले ट आणि त घेतले. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळे हा भेद ओळखत. दहा-बारा महिन्यांची बहुतेक बाळे ओळखेनात. ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला भेद मराठी बाळाला ऐकू येत राहतो, कारण त्याच्या घरात तो रोज कानावर पडतो.

लहानग्यांशी मोठी माणसे जे लाडिक बोलतात, त्याच्या अभ्यासातही मराठीचे स्थान जुने आहे. अशोक केळकरांचा मराठीतल्या अशा बोलण्यावरचा लेख १९६४ चा. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसनने सहा भाषांची तुलना केली, तीत मराठी होती.

वस्तू, जागा आणि भाषा एकत्र आल्या त्या सूंजा चोई आणि मेलिसा बावरमन यांच्या १९९१ च्या अभ्यासात. इंग्रजी मूल ‘आत’ आणि ‘वर’ असा भेद शिकते. कोरियन क्रियापद पाहते ते वस्तू घट्ट बसली की सैल. पेनाला टोपण, बोटाला अंगठी, डबीत नेमका बसणारा ठोकळा, सगळ्यांना एकच शब्द. दोन वर्षांच्या आतच मुले आपापल्या भाषेचा भेद पाळू लागतात. इंग्रजीत अंगठी बोटावर असते आणि बूट पायावर. मराठी मूल अंगठी बोटात घालते, बांगड्या हातात आणि चप्पल पायात.