डॉक्टर होण्याआधीचा पहिला महिना

इअरफोन लावलेत ना? चला मग.

ऑगस्ट २०१९. मी पहिल्या नोकरीत नुकताच रुजू झालो होतो, आणि माझ्या मामेबहिणीला एमबीबीएसला ॲडमिशन मिळाली होती. आठवड्याभरात तिचा फोन. "दादा, नीटसाठी दोन वर्षं घासली आणि इथे मला मराठी आणि कॉम्प्युटर शिकवतायत! ॲनाटॉमी कधी सुरू होणार?"

तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिची बॅच इतिहासात जाणार होती. १९९७ च्या नियमांनंतर तब्बल २२ वर्षांनी एमबीबीएसचा अभ्यासक्रम मुळातून बदलला होता, आणि त्यात सुरुवातीलाच एक महिन्याचा फाउंडेशन कोर्स आला होता. एकूण १७५ तास. ओरिएंटेशन ३०, प्रथमोपचारासारखी कौशल्यं ३५, आरोग्य केंद्राची भेट ८, वागणूक आणि नीतिमत्ता ४०, भाषा आणि कॉम्प्युटर ४०, खेळ वगैरे २२. बेरीज मी तपासलीय, इंजिनिअर आहे ना!

आता प्रश्न असा, की याआधी नव्या मुलांची ओळख करून कोण द्यायचं? बऱ्याच ठिकाणी सीनियर्स. 'इंट्रो' म्हणायचे त्याला. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. हे इतकं वाढलं की महाराष्ट्राला १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. म्हणजे ओरिएंटेशन होतंच, फक्त ते चुकीच्या हातात होतं.

पण एक वेगळं उदाहरण आपल्याच वर्ध्याजवळ आहे. १९६९, गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथे नवी मुलं आधी १५ दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई. पुढे पहिल्याच वर्षात एका खेड्यात मुक्काम असतो, आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवली जातात. पेशंट बेडवर येण्याआधी तो कुठल्या घरातून येतो, ते बघायचं. देशभरात फाउंडेशन कोर्स आला त्याच्या ५० वर्षं आधीची ही गोष्ट!

मग बहिणीच्या बॅचला तो महिना कसा वाटला? मी मध्ये तिला आणि तिच्या मैत्रिणींना नीट विचारलं. हॉलमध्ये बसून ऐकलेली लेक्चर्स? एकीलाही आठवत नव्हती. "दुपारी सगळे झोपायचे रे," ती म्हणाली. पण पुतळ्याच्या छातीवर दाब देत शिकलेलं सीपीआर, आरोग्य केंद्रातली ती एक फेरी, संध्याकाळचं व्हॉलीबॉल, हे सगळ्यांना लख्ख आठवत होतं.

आणि मराठीचा तास. बहिणीने तो दांडी मारून घालवला. तिची रूममेट राजस्थानची, ती मुकाट्याने बसायची. तिथे एका सिनियर सिस्टरनी सांगितलं होतं, "आजी 'जीव घाबरा होतोय' म्हणाली तर ती घाबरलीय असं समजू नका. आधी ईसीजी काढा."

पाच वर्षांनी, इंटर्नशिपमध्ये, रात्री कॅज्युअल्टीत एक आजी आल्या. घाम फुटलेला, तोंडात एकच वाक्य, "जीव घाबरा होतोय गं." सोबतचा मुलगा म्हणत होता, टेन्शन घेते ती. रूममेटने ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. आजींना वेळेत आयसीयूत नेलं, त्या वाचल्या.

बहीण हे सांगताना थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, मी मराठी आहे, पण मी त्यांना आधी पाणी दिलं असतं आणि शांत बसा म्हटलं असतं."

म्हणून तो सगळा महिना भारी होता असं मी म्हणणार नाही. त्यातलं निम्मं हॉलमध्येच विरलं, ही मुलांची तक्रार खरी आहे. जे हाताने केलं आणि माणसांकडून ऐकलं, ते टिकलं. सेवाग्रामची १५ दिवसांची पद्धत याच पायावर उभी होती.

तुमच्या कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातलं आज काय आठवतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!