जुन्या मोटारींच्या चासिसची पडताळणी

जुन्या मोटारींच्या चासिसची पडताळणी म्हणजे अभिजात किंवा पुराण मोटार विकत घेण्यापूर्वी तिचा सांगाडा (चासिस) कारखान्यातून निघालेला मूळ सांगाडाच आहे किंवा नाही, याची तपासणी होय. इंजिन, बॉनेट, दारे, चाके असे बहुतेक भाग कालांतराने बदलले जातात. कायद्याच्या दृष्टीने वाहनाची ओळख मात्र प्रामुख्याने सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी जोडलेली असते. त्यामुळे सांगाडा बनावट निघाल्यास मोटारीचे मोल घटते आणि खरेदीदाराची मालकीही धोक्यात येते.

सांगाड्याचे प्रकार

जीप, मालमोटारी व जुन्या विदेशी मोटारींना सहसा स्वतंत्र सांगाडा असतो. दोन लांब बाजूपट्ट्या व त्यांना जोडणाऱ्या आडपट्ट्या अशी त्याची शिडीसारखी रचना असून त्यावर बॉडी बोल्टांनी बसविलेली असते. याउलट मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील अँबॅसडर या मोटारींत बॉडी व सांगाडा एकसंध असतात. अशा मोटारीत चासिस क्रमांक बॉडीच्याच पत्र्यावर असल्याने त्या भागाचा पत्रा कापून जोडला आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

क्रमांकाची तपासणी

चासिस क्रमांक साधारणतः दोन ठिकाणी आढळतो: रिव्हेटने बसविलेल्या पट्टीवर आणि प्रत्यक्ष सांगाड्याच्या धातूवर. पट्टी काढून दुसऱ्या वाहनावर बसविणे सोपे असल्याने केवळ पट्टीवर विसंबू नये. ज्या मॉडेलमध्ये क्रमांक धातूत ठोकलेला असतो, तेथे तो शोधून नोंदणी प्रमाणपत्राशी (आर.सी. बुकाशी) अक्षरशः जुळवावा. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासल्यास त्याचा ठसा उमटतो. परिवहन कार्यालयातील कामकाजातही असा ठसा घेण्याची पद्धत आहे.

क्रमांक जुळला म्हणजे तपासणी संपली असे नव्हे. पुढील खुणा संशयास्पद मानल्या जातात :

* अंकांचा आकार, खोली वा ओळ त्याच मॉडेलच्या अन्य वाहनांपेक्षा वेगळी असणे;
* क्रमांकाभोवती ग्राइंडर किंवा कानशीचे ओरखडे असणे, अथवा तेथील धातू पातळ झालेला असणे;
* क्रमांकाच्या तुकड्याच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेषा असणे;
* संपूर्ण सांगाडा गंजलेला असताना तेवढ्याच जागी ताजा रंग वा पुट्टी असणे;
* कारखान्यात रिव्हेट असलेल्या ठिकाणी बोल्ट किंवा हाताने केलेले वेल्डिंग आढळणे.

अंक ठोकताना त्याखालचा धातूही दबला जातो. त्यामुळे वरचे अंक कानशीने घासून काढले तरी रासायनिक प्रक्रियेने ते अनेकदा पुन्हा दृश्यमान करता येतात. हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे आहे. खरेदीदाराने स्वतः आम्ल लावून पाहू नये. त्यामुळे पुरावा नष्ट होण्याची शक्यता असते.

आज सर्वत्र आढळणारा सतरा चिन्हांचा वाहन ओळख क्रमांक तुलनेने अलीकडचा आहे. जुन्या मोटारींचे क्रमांक त्याहून लहान असतात व त्यांची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. म्हणून केवळ क्रमांक लहान आहे, या कारणाने तो खोटा ठरत नाही.

मापे

सांगाडा वाकलेला किंवा दोन तुकड्यांपासून जोडलेला आहे काय, हे कर्णांच्या मापाने कळते. मोटार सपाट जमिनीवर उभी करून सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या समान बिंदूंवरून ओळंबा सोडावा व जमिनीवर खुणा कराव्यात. समोरासमोरच्या खुणांमधील दोन्ही कर्ण समान नसल्यास अपघात किंवा जोडकाम झाल्याची शक्यता असते. पुढील व मागील आसांमधील अंतरही मूळ मॉडेलच्या मापाशी ताडून पाहावे.

उदाहरण : जीप

दुसऱ्या महायुद्धातील जीप विलीज (एमबी) व फोर्ड (जीपीडब्ल्यू) या दोन अमेरिकी कंपन्यांनी तयार केल्या. त्या दिसायला जवळजवळ सारख्याच असल्या तरी सांगाड्याच्या पुढील आडपट्टीत फरक आहे. विलीजची आडपट्टी गोल नळीची, तर फोर्डची चौकोनी घडणीची असते. दोहोंच्या पुढील जाळीला नऊ उभ्या फटी असतात; युद्धोत्तर नागरी जीपच्या जाळीला सात असतात. महिंद्र कंपनीने भारतात दीर्घकाळ तयार केलेल्या सीजे-३बी जीपचे बॉनेट युद्धकालीन जीपपेक्षा उंच असते. परंतु जाळी व बॉनेट बदलून नंतरच्या जीपला युद्धकालीन रूप देता येते. म्हणून निर्णय बाह्यरूपावरून न करता सांगाड्यावरून करावा.

कागदपत्रे

मूळ नोंदणी पुस्तिका, मालकी हस्तांतरांची साखळी, कर व विम्याच्या पावत्या आणि आयात वाहन असल्यास सीमाशुल्काची कागदपत्रे तपासावीत. जुन्या नोंदी वाचताना प्रशासकीय इतिहासाचे भान आवश्यक आहे. महागाव तालुका ज्यात मोडतो तो यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे येथील एखाद्या जुन्या मोटारीच्या पुस्तिकेवर अन्य राज्याचे नाव असल्यास तेवढ्यावरून ती संशयास्पद ठरत नाही. सध्याच्या पद्धतीत यवतमाळ जिल्ह्याचा नोंदणी संकेत एमएच-२९ हा आहे. वाहन चोरीचे असल्याची नोंद आहे काय, हे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या ‘वाहन समन्वय’ सेवेद्वारे पाहता येते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मधील सामान्य तत्त्वानुसार विक्रेत्याकडे जेवढा हक्क असतो, त्याहून अधिक हक्क खरेदीदारास मिळत नाही. म्हणजेच चोरीच्या मोटारीची पूर्ण किंमत प्रामाणिकपणे मोजूनही ती मूळ मालकास परत करावी लागू शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो व ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र वाहन मूळ स्वरूपात असणे आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसणे, ही त्यासाठीची अट आहे. सांगाडा बदललेली मोटार उत्तम चालत असली तरी ही अट ती पूर्ण करीत नाही.

मर्यादा

बदललेला सांगाडा म्हणजे नेहमीच फसवणूक असे नाही. युद्धकाळातील दुरुस्तीत अनेक जीपचे भाग परस्परांत मिसळले गेले, तर सांगाड्याला गंजामुळे ठिगळे लावणेही सामान्य आहे. दुरुस्ती उघडपणे सांगितलेली व क्रमांक अबाधित असल्यास प्रश्न मुख्यतः किमतीचा राहतो. क्रमांकातच फेरफार दिसल्यास मात्र आगाऊ रक्कम न देता व्यवहार थांबवावा आणि पोलिसांना कळवावे.