‘१९४२’ : एका सनाचे तीन पाठ

एखादा सन कलाकृतीचे शीर्षक होतो, तेव्हा तो केवळ कालनिर्देश करीत नाही. आस्वादकाच्या स्मृतीला तो आवाहन करतो. ही स्मृती प्रदेशागणिक भिन्न असते. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८४ मध्ये आणलेला ‘१९४२’ हा लढाऊ विमानांचा व्हिडिओ गेम ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात वाचू गेल्यास या भिन्नतेचे स्वरूप स्पष्ट होते.

योशिकी ओकामोतो यांनी रचलेल्या या खेळात खेळणारा अमेरिकी पी-३८ विमानात बसतो आणि पॅसिफिक महासागरावरून टोकियोच्या रोखाने जपानी विमाने पाडीत जातो. जपानी निर्मात्याने खेळणाऱ्यास स्वदेशाच्या शत्रूच्या आसनावर बसवावे, ही विसंगती उघड आहे. परंतु तिचा पडसाद संहितेत कोठेही उमटत नाही. मूळ खेळाच्या बत्तीस टप्प्यांत मिडवेबरोबरच सायपान, लेटे आणि ओकिनावा ही नावे येतात. मिडवेची लढाई १९४२ची खरी. पण सायपान व लेटे येथील लढाया १९४४च्या आणि ओकिनावाची १९४५ची. म्हणजे शीर्षकातील सन खेळातील काळाशीदेखील प्रामाणिक नाही. विमानाखालून सरकणारी भूमी ही निव्वळ पार्श्वभूमी आहे. तिच्यावर माणूस दिसत नाही आणि खेळणाऱ्याची गोळी तिला लागतही नाही. सारे युद्ध आकाशातच सुरू होते व तेथेच संपते.

१९८५ मध्ये हा खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. या यंत्राच्या स्वस्त नकला १९९०च्या दशकात भारतीय बाजारात पसरल्या आणि एकाच कॅसेटमध्ये अनेक खेळ भरून विकले जाऊ लागले. उपनगरी मध्यमवर्गाच्या घरात ‘१९४२’ शिरला तो या मार्गाने. पडद्यावरील यादीतील एक ओळ, एवढेच त्याचे अस्तित्व होते. शीर्षकाचा उलगडा करणारी सोबतची माहिती गळून पडली आणि सनाचा नुसता आकडा झाला. तोही इंग्रजी उच्चारातला.

वास्तविक मराठीत ‘बेचाळीस’ हा शब्द सनापेक्षा चळवळीचाच वाचक आहे, आणि ठाणे जिल्ह्याला त्याची स्वतःची स्मृती आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ची हाक उठली. त्यानंतर भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने वीजवाहक मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. खेळातील ‘नाइन्टीन फॉर्टी टू’ आणि पाठ्यपुस्तकातील ‘बेचाळीस’ एकच, हे भाषेच्या या दुभंगात सहज झाकले गेले.

तिसरा पाठ याहून निकटचा आणि अद्याप अपूर्ण आहे. त्याच महायुद्धासाठी ब्रिटिश सरकारने १९४२च्या सुमारास कल्याणजवळ, मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळी येथे धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या. युद्ध संपले, जमिनी मात्र संरक्षण खात्याच्या नावे राहिल्या. युद्धानंतर त्या परत मिळावयास हव्या होत्या, हा शेतकऱ्यांचा दावा आणि आपल्या मालकीचा सरकारचा दावा यांचा संघर्ष पिढ्यान्‌पिढ्या चालला. नौदलाने कुंपणाचे काम हाती घेतल्यावर २२ जून २०१७ रोजी त्याने हिंसक वळण घेतले. पोलिसांची वाहने जाळली गेली. पोलीस व आंदोलक जखमी झाले. विमान उडाल्यानंतरच्या कथेत ज्या भूमीला स्थान नसते, तिचीच ही कथा होय.

‘१९४२’नंतर जेट विमानांच्या खेळांची लाट आली. १९८७ मध्ये सेगाचा ‘आफ्टर बर्नर’ व कोनामीचा ‘टॉप गन’ हे दोन्ही खेळ आले. त्यांत वेग वाढला आणि भूमी अधिकच अस्पष्ट झाली. या साहित्यप्रकाराचे निवेदनकेंद्र वैमानिकाच्या आसनात असते. युद्धासाठी प्रथम कोणाची तरी जमीन घ्यावी लागते, हे त्या आसनावरून दिसू शकत नाही. त्यासाठी खेळणाऱ्या मुलांस दोष देणे व्यर्थ आहे. परंतु समीक्षेने मात्र या आकड्याचे वाचन नेवाळीच्या शेतातून करावयास हवे. सनाला स्थळ परत मिळाल्याखेरीज त्याचा इतिहास होत नाही.