चौदा इंजेक्शनांनंतर : बंगळुरू आणि रेबीजवरील उपचारांचा इतिहास

२००७ सालच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत बंगळुरूमध्ये भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांनी दोन लहान मुलांचा जीव घेतला. मुलगी आठ वर्षांची होती आणि मुलगा चार वर्षांचा. शहर हादरले. पालिकेने कुत्रे पकडण्याची मोहीम हाती घेतली. संतप्त नागरिक एका बाजूला आणि प्राणिमित्र संघटना दुसऱ्या बाजूला, असे चित्र उभे राहिले. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका बालिकेच्या रेबीजने झालेल्या मृत्यूच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा तोच वाद देशभर नव्याने पेटला. कुत्र्यांचे काय करायचे, हा प्रश्न दोन्ही वेळी मोठ्याने विचारला गेला. चावलेल्या मुलाचे पुढच्या तासाभरात काय होते, हा प्रश्न दोन्ही वेळी मागे पडला.

बंगळुरूतील ती दोन मुले जखमांनी दगावली, रेबीजने नव्हे. पण ज्या वर्षांत हे शहर कुत्र्यांवरून भांडत होते, त्याच वर्षांच्या आसपास तेथील डॉक्टर दुसऱ्याच एका कामात गुंतले होते. चावा झाल्यावर मुलाला दिल्या जाणाऱ्या उपचाराची मात्रा, किंमत आणि यातना कमी कशा करता येतील, हे ते शोधत होते. या कामाची बातमी फारशी झाली नाही. त्याचा इतिहास मात्र सांगण्यासारखा आहे.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर का, हे आधी पाहू. मोठ्या माणसाला कुत्रा बहुधा पोटरीला चावतो. चार वर्षांच्या मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, त्यामुळे जखमा चेहऱ्यावर, मानेवर, डोक्यावर होतात. रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो जखमेजवळच्या स्नायूतून मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने मेंदूकडे सरकतो. जखम मेंदूपासून दूर असेल तर साधारणतः एक ते तीन महिने हाताशी असतात. चेहऱ्यावरच्या जखमेत ही मुदत आखडते. शिवाय मूल अनेकदा सांगतच नाही. कुत्र्याची शेपटी ओढली म्हणून आई रागावेल, या भीतीने ओरखडा लपवला जातो. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र वैद्यकाच्या हाती जवळजवळ काही उरत नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचे आणि पाण्याच्या भीतीचे, म्हणजे जलत्रासाचे वर्णन आहे. हे लक्षण दिसले की रोगी वाचत नाही, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. दोन हजार वर्षांत त्या निदानात फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो लक्षणांच्या आधीच्या काळात.

त्या फरकाची सुरुवात ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये झाली. अल्सास प्रांतातील नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दोन दिवसांपूर्वी कुत्रा चावला होता. त्याच्या अंगावर १४ जखमा होत्या. लुई पाश्चर डॉक्टर नव्हते, म्हणून सुई टोचली ती डॉ. ग्रांशे यांनी. सशाचा रोगट मज्जारज्जू बाटलीत सुकवून त्याचा जोर कमी केला होता आणि त्यापासून केलेली १३ इंजेक्शने सुमारे दहा दिवसांत दिली गेली. मुलगा वाचला. ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. लुईझ पेलेतिए या दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट मात्र क्वचितच वाचायला मिळते. तिला डोक्याला चावा झाला होता आणि ती पाश्चरांकडे आली ती तब्बल ३७ दिवसांनी. उपयोग होण्याची आशा नाही हे दिसत असूनही त्यांनी तिला लस दिली. डिसेंबर १८८५च्या सुरुवातीस ती गेली. लस खरी होती. वेळ निघून गेली होती. रेबीजच्या पुढच्या सगळ्या इतिहासात माइस्टरपेक्षा लुईझच अधिक वेळा भेटते.

हिंदुस्थानात १९००पूर्वी चावलेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पॅरिसला पाठवावे लागे. सामान्य रयतेचा प्रश्नच नव्हता. १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली निलगिरीतल्या कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या. कुन्नूरच्या संस्थेमागे १९०२ साली रेबीजने झालेला एका तरुण इंग्रज स्त्रीचा मृत्यू आणि हेन्री फिप्स या अमेरिकी दानशूराची देणगी होती. अंतर कमी झाले, पण डोंगर चढून जाणे राहिलेच. ती अडचण कसौलीच्या डेव्हिड सेम्पल यांनी दूर केली. १९११ साली त्यांनी फिनॉलने निष्क्रिय केलेली, प्राण्याच्या मेंदूपासून बनवलेली लस पुढे आणली. ही लस बाटलीत भरून दूरच्या दवाखान्यांत पाठवता येई. पुढे कसौली, कुन्नूर आणि मुंबईतील हाफकिन यांसारख्या संस्थांनी मेंढीच्या मेंदूपासून अशी लस अनेक दशके तयार केली. जिल्ह्याच्या गावी, पोटाच्या कातडीखाली, ओळीने चौदा दिवस. आजही चावा झाला की एखादी आजी विचारते, “पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागणार का?” त्या प्रश्नात जवळजवळ शंभर वर्षांची आठवण आहे.

या लसीने असंख्य जीव वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मेंढीच्या मेंदूबरोबर त्यातील मज्जातंतूंच्या आवरणाचे घटकही शरीरात जात. काही हजारांत एखाद्या माणसाचे शरीर त्या घटकांविरुद्ध उलटे आणि मग स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला करी. परिणाम पक्षाघात, कधी मृत्यू. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, असे रुग्ण येत. या लसीनंतर उद्भवलेल्या मज्जाविकारांचा अभ्यास तेथील डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. निम्हान्सला रेबीज दोन्ही टोकांनी दिसत होता. एका खाटेवर लस न मिळाल्याने आलेला रुग्ण, तर दुसऱ्या खाटेवर लस मिळाल्यामुळे आलेला. कदाचित त्यामुळेच नव्या लसीची निकड या शहराला इतरांहून आधी जाणवली असावी.

नवी लस तोवर तयार झालेली होती. अमेरिकेतील विस्टार संस्थेत मानवी पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून ती बनवली गेली आणि १९७६ साली इराणमधील अनुभव जाहीर झाला. पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी चावलेले ४५ जण या लसीने व प्रतिपिंडद्रव्याने वाचले. इराणचे नाव या इतिहासात आणखी एकदा येते. १९५४ साली एका पिसाळलेल्या लांडग्याने एकाच गावात अनेकांना चावे घेतले. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी ज्या पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतले तीन दगावले. ज्यांना लसीबरोबर प्रतिपिंडे असलेले रक्तद्रव्यही मिळाले, त्यांच्यात एकच मृत्यू झाला. कवटीपर्यंत जखम गेलेला सहा वर्षांचा एक मुलगा वाचलेल्यांत होता. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्या शिकवणीला एक-दोन आठवडे लागतात. चेहऱ्यावर चावलेल्या मुलाकडे तेवढे दिवस असतीलच असे नाही. ती फट बाहेरून दिलेली तयार प्रतिपिंडे भरून काढतात.

म्हणजे १९८०च्या दशकापर्यंत विज्ञानाने आपले काम बहुतांशी केले होते. पेशींवरील लस भारतात मिळूही लागली, पण ती विकत घेऊ शकणाऱ्यांना. पाच मात्रांसाठी पाच कुप्या, आणि त्यांची किंमत मजुराच्या घराला न परवडणारी. सरकारी दवाखान्यात मेंढीच्या मेंदूची लस चालूच राहिली. पैसेवाल्याच्या मुलाला दंडात पाच आणि गरिबाच्या मुलाला पोटात चौदा, अशी दुहेरी व्यवस्था आपल्या देशात दोन दशके टिकली. ही तांत्रिक अडचण होती असे म्हणणे मला पटत नाही.

वाट सापडली ती बँकॉकमध्ये. थाई रेडक्रॉसच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दाखवले, की हीच लस स्नायूऐवजी त्वचेच्या थरात टोचली तर ०.१ मिलिलिटर इतकी अल्प मात्राही पुरते. त्वचेत प्रतिकारसंस्थेला वर्दी देणाऱ्या पेशींची दाटी असते, हे त्यामागचे कारण. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली. भारतात मात्र शंका होती. आपल्या लसी, आपली माणसे, आपले दवाखाने. येथे ती पुरेल का? याचे उत्तर शोधणाऱ्यांत बंगळुरूची केंपेगौडा वैद्यकीय विज्ञान संस्था आणि निम्हान्स पुढे होत्या. डॉ. एम. के. सुदर्शन, डॉ. एस. एन. मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना त्वचेत लस देऊन, ठरावीक दिवसांनी रक्त घेऊन प्रतिपिंडे मोजली. ती पुरेशी निघाली. डिसेंबर २००४मध्ये देशात मेंदूपासून बनवलेल्या लसीचे उत्पादन थांबले. फेब्रुवारी २००६मध्ये औषध नियंत्रकांनी त्वचेतील लसीला परवानगी दिली. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही दंडांवर एकेक छोटी फुगवटी एवढेच. सगळे मिळून ०.८ मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या कुपीपेक्षाही कमी.

हिशेब सुंदर आहे, पण त्यात एक मेख आहे. उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. रोज पन्नास चावलेले लोक येणाऱ्या शहरी रुग्णालयात एक कुपी अनेकांना पुरते. खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवसाला एकच मूल आले, तर उरलेली लस फेकावी लागते किंवा मुलाला ‘उद्या या’ असे सांगितले जाते. बचतीचा लाभ जिथे गर्दी आहे तिथे जास्त मिळतो. शहरातील अभ्यासांनी दिलेले उत्तर खेड्यासाठी अर्धेच उरते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

बंगळुरूच्या डॉक्टरांनी मोजलेली दुसरी गोष्ट मला लसीइतकीच मोलाची वाटते. भारतात रेबीजने किती माणसे मरतात, हे विसाव्या शतकात नीट मोजलेच गेले नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘भारतातील रेबीज प्रतिबंध व नियंत्रण संघटने’ने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००३ साली देशव्यापी पाहणी केली. तिचे नेतृत्व डॉ. सुदर्शन यांनी केले. वर्षाला २०,५६५ मृत्यू, हा अंदाज तेथून आला आणि पुढे वीस वर्षे सर्वत्र उद्धृत झाला. त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता, जो फारसा कोणी उद्धृत केला नाही. चावा झालेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४० जणांनी जखम धुतली होती. प्रतिपिंडद्रव्य मिळाले ते सुमारे दोघांना. पण जखमेला काहीतरी लावणारे, झाडपाल्याकडे किंवा गावठी उपायांकडे वळणारे पुष्कळ होते.

जखम धुणे ही बाब क्षुल्लक वाटते. वास्तविक रेबीजच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण तेच विरघळवतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतले, की मज्जातंतूत शिरण्याआधीच विषाणूंची संख्या मोठ्या प्रमाणात घटते. चुना, हळद किंवा तिखट भरल्याने ते होत नाही; उलट जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. अर्थात, रडणाऱ्या, रक्ताळलेल्या मुलाचा चेहरा पंधरा मिनिटे नळाखाली धरणे सोपे नसते. ते करणारी आई किंवा शेजारी उपचाराचा पहिला टप्पा पार पाडत असतात, आणि कोणतेही रुग्णालय तो टप्पा नंतर भरून काढू शकत नाही.

प्रतिपिंडद्रव्याची टंचाई हा पुढचा अडथळा. माणसाच्या रक्तापासून बनवलेले अतिशय महाग, तर घोड्याच्या रक्तापासून बनवलेले स्वस्त, पण वेळोवेळी तुटणारे. शिमल्यात डॉ. ओमेश भारती यांनी ते सगळे जखमेतच टोचून पाहिले. पूर्वी उरलेले द्रव्य दूरच्या स्नायूत दिले जाई. तो भाग सोडला तर एकाच कुपीत अनेकांचे काम भागते, असे त्यांच्या लक्षात आले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा मार्ग स्वीकारला. मुलाच्या बाबतीत उलटी अडचण येते. मात्रा वजनावर ठरते, वजन कमी आणि जखमा मात्र अनेक. तेव्हा द्रव्यात सलाइन मिसळून ते सगळ्या जखमांना पुरवावे लागते. ओठाजवळ किंवा पापणीजवळ सुई फिरवताना डॉक्टरांचाही हात थांबतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकी संशोधकांसह प्रयोगशाळेत बनवलेले एकपेशीय वंशाचे प्रतिपिंड तयार केले आणि २०१६ साली त्याला भारतात मान्यता मिळाली. घोडा आणि रक्तदाता या दोघांवरचे अवलंबन त्याने कमी होऊ शकते.

कर्नाटकाने डिसेंबर २०२२मध्ये मानवी रेबीजची नोंद सक्तीची केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याच सुमारास १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत नवी पाहणी केली. वर्षाला सुमारे ९१ लाख चावे आणि ५,७२६ मृत्यू, असा तिचा अंदाज आहे. वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशी तुलना करताना पद्धती वेगळ्या होत्या हे विसरू नये. तरी घट झाली आहे हे स्पष्ट दिसते. याच पाहणीनुसार कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकांना लसीची एकही मात्रा मिळाली नव्हती. ज्यांना मिळाली, त्यांतल्याही अनेकांचा क्रम अर्धवट राहिला. पहिल्या मात्रेला मूल रडते, घरचे घाबरलेले असतात, सगळे धावत येतात. अठ्ठाविसाव्या दिवशी जखम भरलेली असते, मूल शाळेत जाते आणि वडिलांना कामावर खाडा परवडत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका आठवड्यात संपणारा, तीनच फेऱ्यांचा क्रम मान्य केला. २०१९च्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अठ्ठाविसावा दिवस कायम राहिला.