गांधारपाल्याची लेणी : दोन पोढी आणि एक तळे

दासगाव सोडून महाडकडे येऊ लागले की महाडच्या अलीकडे, गांधारी नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून खोदलेल्या लेण्यांची रांग डोंगरात दिसते. ही गांधारपाल्याची बौद्ध लेणी. लहानमोठी मिळून सुमारे तीस. कोकणातल्या अनेक लेण्यांप्रमाणे लोकांनी हीही पांडवांच्या नावावर चढवली. वास्तविक येथे भिक्षू राहत, आणि कोणी कोणते दान दिले हे भिंतीवरच ब्राह्मी लिपीत लिहून ठेवलेले आहे.

लेण्यांची जागा सहज निवडलेली नाही. बाणकोटहून सावित्रीच्या खाडीने गलबते दासगाव-महाडपर्यंत येत आणि पुढे माल वरंध्याच्या घाटाने देशावर चढे. वर्षावासासाठी एकांत हवा, पण भिक्षेसाठी वस्ती आणि दानासाठी व्यापारी जवळ हवेत. या दोन्ही गरजा या डोंगराने भागवल्या.

येथील प्राकृत लेखांपैकी एक आम्हांला फार मोलाचा वाटतो. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या दिल्या, हे त्यात आहेच. पण लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, आणि लेण्याला जोडणारा 'पथ' यांचीही त्याने नोंद करविली. राजकुमाराला पाण्याची टाकी आणि पायवाट दानलेखात कोरण्याजोगी वाटली! लेण्यांविषयी लिहिणारे बहुधा मूर्ती आणि खांबांपाशी रेंगाळतात. या दोन शब्दांवरून मात्र ते घाईने पुढे जातात.

या डोंगराच्या परिसरातच पुढे पाण्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ तारखेला दासगावला उतरले आणि वाट पाहत असलेल्या सत्याग्रहींसह पाच मैल चालत महाडला आले.

लेण्यांचा आणि सत्याग्रहाचा थेट संबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. टाक्यांचे पाणी कोणी भरावे याविषयी कुमाराचा लेख मौन पाळतो. शिवाय ते दान होते. १९२७ साली मागितला तो हक्क. पण तळ्याचा खटला जवळजवळ दहा वर्षे चालला, तेव्हा मालकीचा दावा मागे पडून अखेरीस वाद्यांची सगळी भिस्त 'अनादी काळापासूनची रूढी' या एका मुद्द्यावर उरली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, ही रूढी तशी प्राचीन असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे ठरवून त्यांचे अपील फेटाळले. महाडच्या वेशीबाहेरच्या कातळावर पाण्याविषयीचा सतराअठराशे वर्षांपूर्वीचा एक लेख तेव्हाही होता, आणि त्यात मनाईचा एकही शब्द नव्हता.